मेघातलं धनुष्य

जयपुरात कधी नव्हे तो दोन दिवस धो धो पाऊस कोसळला आणि नाल्याकाठची सगळी गल्ली गच्चीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आभाळात इंद्रधनुष्य उमटलं.

"चला, उतरा खाली," शांतवन म्हणाला.

सुलोचनाने लेकीचा हात सोडला नाही. "अहो, नाल्याचं पाणी अजून चढतंय."

चर्चमध्ये दर रविवारी उपदेश करणारा तिचा नवरा भडकला. "ह्या धनुष्याची साक्ष ठेवून देवाने नोहाला वचन दिलंय, पुन्हा जलप्रलय नाही म्हणून. चार शेजाऱ्यांसमोर माझ्या देवाचा अपमान करतेस? करुणा, जा गं, चहा टाक सगळ्यांना."

शेजारी जागचे हलले नाहीत. करुणा मात्र बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. ती खाली गेली, स्टोव्हचा आवाज वर आला आणि तेवढ्यात नाल्याच्या वरच्या अंगाचा बांध फुटला.

संध्याकाळी चिखलातून काढलेली लेक मांडीवर घेऊन सुलोचनाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर नेलेलं पवित्र शास्त्र शांतवनने उघडलं, ओळीवर बोट ठेवलं.

"नीट वाच. वचन सबंध पृथ्वी न बुडवण्याचं आहे. आपल्या गल्लीचं नाही."