उरलेले दोघे

दिनकरच्या अस्थी नदीत सोडून आल्या-आल्या कुमुद आणि श्रीरंग कानशिलांना तारा लावून यंत्रासमोर बसले. वारलेल्या आईचं मन तिघा भावंडांच्या मेंदूंत अशा बेतानं वाटून ठेवलं होतं, की एक जण गेला तरी उरलेल्या दोघांवरून त्याचा वाटा पुन्हा उभा राहावा. मात्र काम पुरं होण्याआधी एकाची जरी तार सुटली, तर आई कायमची पुसली जाणार होती.

निम्मं काम झालं असेल. श्रीरंग घामेजला आणि डावा खांदा चोळू लागला.

"काय होतंय रे?"

"काही नाही अक्का, पित्त झालंय. हे होऊ दे, मग सोडा घेतो."

जाण्याआधी दिनकरही पित्तच म्हणाला होता.

"ऊठ, दवाखान्यात चल."

"आईला अशी अर्धवट टाकून? मी नाही उठणार."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात स्पीकरमधून आईचा आवाज अडखळत आला, "कुमे, ये इकडे, वेणी घालते..."

कुमुदनं डोळे गच्च मिटले आणि स्वतःची तार उपटली. आवाज तिथेच तुटला.

"आता तुला बसायला कारण उरलं नाही," ती म्हणाली. "ऊठ."