सुट्टीतली छत्री

तो गाईड. मागच्या घोळक्याला दिसावी म्हणून लाल छत्री उंच धरून परक्यांना शहर दाखवणं हा त्याचा रोजचा धंदा. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दोन पोरांना तेच शहर दाखवायचं ठरलं, तेव्हा त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "आज घड्याळ नाही, घाई नाही. पोरं म्हणतील तिथे थांबायचं, म्हणतील तेव्हा निघायचं."

तिने फक्त त्याच्या हातातल्या लाल छत्रीकडे पाहिलं.

"ऊन लागलं तर असावी," तो म्हणाला.

बसमधून उतरल्या उतरल्या ती छत्री डोक्यावर उंच कधी गेली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. जुना पूल झाला, बाजारपेठ झाली, घड्याळाचा मनोरा आला. तिथली घंटा तीनदा वितळवून पुन्हा कशी ओतली, ही आपली हुकमी गोष्ट त्याने आज पोरांसाठी खास रंगवून सांगितली आणि शाबासकीच्या आशेने मागे वळला.

मागे वीस-पंचवीस अनोळखी माणसं माना डोलावत उभी होती. त्यांत त्याची पोरं नव्हती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "आम्ही अजून बसस्टॉपवरच आहोत. धाकटा मुंग्यांची रांग बघतोय, थोरली त्या मोजतेय. तू ये सावकाश, आम्हाला काही घाई नाही."

त्याने फोन खिशात ठेवला आणि छत्री हळूच खाली घेतली. घोळक्यातल्या एक आजी पुढे येऊन कौतुकाने म्हणाल्या,



"किती जीव लावून सांगता हो. तुमच्या घरची पोरं भाग्यवान."