तेरड्याच्या कळ्या

खराटा हातात धरून यमुनाबाई पाण्याच्या पिंपामागे बसली होती. गुडघे दुखत होते, डास चावत होते आणि चोराचा पत्ता नव्हता. तरी ती हलली नाही. आज जो कोण सापडेल त्याला दोन हाणल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

परसात जांभ्या दगडाच्या कुंपणाला, गडग्याला लागून तिचा तेरडा होता. कमरेएवढा, हिरवागार, आणि फूल एक नाही. संध्याकाळी कळ्या दिसायच्या, सकाळी गायब. फांदी मोडलेली नाही, पान कुरतडलेलं नाही. नुसत्या कळ्या नाहीत. गुरं असं खात नाहीत. हे माणसाचंच काम.

एरवी तिनं एवढं मनावर घेतलं नसतं. पण यंदा राहीचा पहिला ओवसा होता. नवी सून सुपं भरून पहिल्यांदा गौरीपुढे जाणार. आणि इथं गौर म्हणजे मुखवटा नाही. फुललेला तेरडा मुळासकट उपटायचा, मुळं म्हणजे तिचे पाय, त्याला साडी नेसवायची, झाली गौर. पहिल्या ओवशाला बिनफुलाची गौर उभी केली तर राहीच्या माहेरची मंडणगडची माणसं काय म्हणतील? तोंडावर काही म्हणणार नाहीत. ते जास्त वाईट.

या कळ्यांपायी तिनं अर्धी वाडी दुखावली होती. वरच्या घरातल्या चिमाला विचारलं, तुझी पोरं शाळेत जाताना माझ्या परसातून कशाला जातात. तेव्हापासून चिमानं बोलणं टाकलं. मुलगा लवू म्हणाला, आई, बाजारात फुलं मिळतात, आणून देतो. त्यावर त्याला एवढं ऐकावं लागलं की तो उपाशीच मिरकरवाड्याच्या बंदरावर कामाला गेला.

उजाडायच्या बेताला गडग्यापलीकडे चपला वाजल्या. मग थांबल्या. कोणीतरी त्या काढून ठेवल्या. कुठला दगड सैल आहे ते नीट माहीत असल्यासारखा एक पाय अलगद आत आला. पदर खोचलेली एक बाई तेरड्यात उकिडवी बसली आणि भराभर कळ्या खुडायला लागली. तांदळाएवढीसुद्धा सोडत नव्हती.

यमुनाबाई उठली. उचललेला खराटा तसाच वर राहिला.

ती शेजारची गंगुबाई होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आलेल्या. एकीचं पोर रडलं तर दुसरीनं पाजलेलं. यंदाच्या शिमग्यात गंगुबाईचा नवरा गेला तेव्हा त्या घरचा भात यमुनाबाईच्या चुलीवर शिजला होता. चिमाची पोरं सापडली असती तर बरं झालं असतं.

मग यमुनाबाईचा तोंडावर ताबा राहिला नाही. चोर म्हणाली, पोटात एक नि ओठात एक म्हणाली, माझ्या सुनेचं चांगलं बघवत नाही म्हणाली. गंगुबाई खाली बघून ऐकत राहिली. एकदाही उलटून बोलली नाही, म्हणून यमुनाबाई जास्तच भडकली आणि बोलू नये ते बोलली.

“तुझ्या घरी यंदा गौर नाय, म्हणून माझीपण नको काय गो?”

गंगुबाईनं मूठ उघडून कळ्या ओच्यात टाकल्या.

“यंदा श्रावण दोन,” ती म्हणाली. “तुला माहीत, मला माहीत. तेरड्याला कोणी सांगितलंय?”

यमुनाबाईनं गडग्यावरून रस्त्याच्या उताराकडे बघितलं. तिथला रानचा तेरडा गुलाबी होऊन गेला होता, खाली बोंडंसुद्धा धरली होती. आणि अजून अधिक महिनाच सरायचा होता. मग दुसरा श्रावण, मग गणपती, मग गौर. तोवर त्या उतारावर नुसत्या काड्या राहणार होत्या. कळी खुडली की झाड परत कळी धरतं, बोंड धरलं की दमतं. हे तिलाही कळत होतं. पण सणाचा विचार करताना झाडाचा करायला ती विसरली होती.

“मग सांगायला काय झालं होतं?” ती खेकसली. आवाज मात्र खाली आला होता.

गंगुबाई म्हणाली, सांगितलं असतं तर तू खुडू दिलं असतंस होय? सुनेच्या पहिल्या ओवशाच्या कळ्या खुडायच्या म्हटल्यावर यमुनाबाईनं अपशकुन म्हणून वाडी डोक्यावर घेतली असती.

तिनं खराटा बाजूला टाकला, गुडघ्यावर हात देऊन खाली बसली आणि दुसऱ्या बाजूनं कळ्या खुडायला लागली. तोंड चालूच होतं. हळू खुड, बोटं आहेत की पक्कड. गंगुबाई हसली. शिमग्यापासून हे हसू या परसात आलं नव्हतं.

ऊन गडग्यावर आलं तशी गंगुबाई उठली. म्हणाली, नारळी पौर्णिमा झाली की खुडणं थांबव, मग दे फुलायला. आणि मी काय आता येत नाही. कळ्या खुडताना कोण बघत नव्हतं. पण नवरा गेलेल्या बाईनं गौरीच्या तेरड्याला हात लावला तर वाडी बोलेल. आज कालवण काय केलंस असं विचारावं, तेवढ्या साध्या आवाजात तिनं हे सांगितलं आणि जायला वळली.

यमुनाबाईनं तिचा हात धरला. रसानं हिरवा झालेला.

“यंदा गौर तू आणायचीस. पुढं तू, मागं मी नि राही.”

“वेडी काय गो? वाडीला नाय चालायचं.”

“गौरीला चालतंय. वाडीचं मी बघते.”