उपवर मुलींची नोंदणी

कारंजा तालुक्यातल्या समाज मंडळाच्या वेबसाइटवर उपवर मुलींच्या नोंदणीचा फॉर्म काही केल्या दिसत नव्हता. ती वेबसाइट बनवणाऱ्या दिपालीने घरी बसून पुन्हा पुन्हा फॉर्मचा ब्लॉक काढला, बसवला, तेव्हा कुठे तो पानावर उमटला. मंडळाचे अध्यक्ष भैयाजी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले होते.

"हे खाली काय लिहून राह्यली?"

"'मुलीची संमती आहे.' इथं टिक केल्याशिवाय फॉर्म जातच नाई, काकाजी."

"काढून टाक."

"नाई काढत. नाईतर वेबसाइट दुसऱ्याकडून करून घ्या."

भैयाजी हसले. "बरं, राहू दे. पण टिक तूच आधी करून ठेवजो. फॉर्म तर बापच भरते. त्याले कायले तरास?"

दिपाली घुटमळली. निदान ओळ तरी राहिली, असं मनाशी म्हणत तिने टिक करून ठेवली आणि फॉर्म सुरू केला. भैयाजींनी तिथल्या तिथे लिंक समाजाच्या ग्रुपवर टाकली.

चहा व्हायच्या आत पहिली नोंद आली. तिने ती उघडली. नाव तिचंच होतं, फोन नंबर बाबांचा. एवढ्यात लग्न नको, असं तिने त्यांना निक्षून सांगितलं होतं. तिने घाईघाईने पान खाली सरकवलं. शेवटच्या ओळीपुढे टिक होती.

समोरच्या खोलीतून बाबांचा खूश आवाज आला, "दिपे, भरला वं म्या फॉर्म! कुठंच अडला नाई."