करंगळीचा नमस्कार

"बाई!" म्हणत पहिल्याच दिवशी एका पोरीने करंगळी वर केली. अमेरिकेहून शिकवायला आलेल्या डोरोथीबाईंना वाटलं, हा इथला नमस्कार. त्यांनीही हसून करंगळी दाखवली, तशी पोरगी धूम मुतारीकडे पळाली. मग काय, रांगच लागली! पोरांचं एवढं प्रेम बघून बाई हरखूनच गेल्या.

महिन्याने मोठे साहेब यायचे ठरले. बाईंना ठेवायचं की परत धाडायचं, हे तेच ठरवणार. "नमस्कार तेवढा इथल्या पद्धतीने करा हं," हेडमास्तरांनी बजावलं.

घाटभर हादरत जीप आली. साहेब पाय आवळतच उतरले. बाईंनी गावासमोर करंगळी उंचावली. हेडमास्तरांनी डोळेच मिटले.

साहेब असे सुसाट सुटले, की त्यांची टोपी जागच्या जागी हवेतच राहिली. परतल्यावर ते बरोबर तिच्याखाली येऊन उभे राहिले.

"जन्मभर शाळा तपासल्या," ते गहिवरून म्हणाले. "हार सगळ्यांनी घातले, पण हे कुणी विचारलं नाही! बाई इथेच राहतील."

आनंदाने बाईंनी साऱ्या गावाला करंगळी दाखवली. बाईंचा शब्द मोडायचा कसा? सरपंचांसकट सगळं गाव मुतारीकडे पळालं.