चार बोटं मागे वाकवलेला दांडा

साहेब, अपघाताचा अहवाल तुम्ही खोटा लिहिलात. गिअरचा दांडा मागे झुकलेला बघून ठरवलंत, गाडी चौथ्या गिअरमध्ये सुसाट होती, चूक मयत चालकाची. मयत म्हणजे माझा पोरगा, गोरख. पिंपळवंडीच्या आमच्या गॅरेजात ती जुनी स्पोर्ट्स कार आली, तेव्हा सव्वासहा फुटी गोरखचा गुडघा दांड्याला अडायचा. "आबा, ही बुटक्यांची गाडी हाय." "मग तुझं पाय कापू व्हय?" म्हणत मी दांडा तापवून चार बोटं मागे वाकवला. तेव्हापासून न्यूट्रलमध्येही तो चौथ्यात टाकल्यासारखा दिसतो. तुम्ही हात लावून बघितलंच नाही. चेपलेली गाडी आता दारात आहे. मी चालकाच्या शेजारच्या सीटवर बसतो, दांडा हलवतो. तो न्यूट्रलमध्येच सैल डुलतो, आणि रिकाम्या सीटवरून आवाज येतो, "आबा, मी थांबलो व्हतो." उभ्या गाडीतल्या माझ्या पोराला मग कुणी उडवलं, ते सांगा.