ठरल्या जागी

“अरे, थांब ना!” मी मोबाइलवर ओरडले आणि जीभ चावली. सुधांशू, माझा नवरा, समोरच खुर्चीत बसला होता.

मोबाइलमध्ये त्याचीच गिटार वाजत होती. मी ब्लूज या पाश्चात्त्य संगीतप्रकारातला सोलो एकटीनं घोटावा म्हणून त्यानं मागची साथ रेकॉर्ड करून ठेवली होती. मी ती कधी लावलीच नव्हती. आता पक्षाघातानं त्याचा उजवा हात लुळा पडलाय, वाचाही गेलीय. रोज संध्याकाळी तो डाव्या हातानं गिटारकडे बोट दाखवतो. मी वाजवावं, एवढंच त्याला हवं असतं. नेमकं तेवढंच मला जमत नाही.

लाडावून ठेवलं त्यानंच. ब्लूजमध्ये साथीची कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरमेळ, ठरल्या जागी बदलते. सोलो वाजवणाऱ्यानं मोजून तिच्याबरोबर जायचं असतं. मी मोजायचेच नाही. सुरांत रमले, की तो बिचारा पहिल्याच कॉर्डवर घुटमळत राहायचा. “सावकाश ये गं, मी आहे इथं,” म्हणायचा. रेकॉर्डिंगला कुठली एवढी माया!

पुन्हा लावलं. ओठांतल्या ओठांत मोजत सुरुवात केली, पण एका लांबवलेल्या सुरावर मोजणं सुटलं. मोबाइलमधली कॉर्ड बदलली आणि मी मागेच राहिले. रडू आवरत मी त्याच्याकडे बघितलं.

मांडीवरच्या शालीवर त्याच्या डाव्या हाताची बोटं तारा दाबाव्यात तशी रुतली होती. रेकॉर्डिंग केव्हाच पुढे गेलं होतं. बोटं अजून पहिल्याच कॉर्डवर होती, माझी वाट बघत.